वायफायचा पट्टा कोण ठरवतं? एका टेलिकॉम वकिलाची पंचवीस वर्षं

२०२४ च्या पावसाळ्यात मी दोन दिवस एका राउटरशी भांडत बसले होते. राउटर नवा, वायफाय ६ई वाला, म्हणजे ६ गिगाहर्ट्झवर चालणारा. मला एवढंच बघायचं होतं की विटांच्या भिंतीतून जाताना या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल किती घटतो. पण यादीत २.४ दिसायचं, ५ दिसायचं, ६ काही केल्या दिसेना. ड्रायव्हर बदलला, लॅपटॉपचं कार्ड बदललं, दुकानदाराला फोनवर दोन शब्द सुनावले. शेवटी एम.एस्सी.चा एक ज्युनियर मागून म्हणाला, "ताई, कंट्री कोड बघितलात का?"

कोड होता ‘आयएन’. म्हणजे इंडिया.

राउटर ठणठणीत होता. वायरलेस यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता असतो: कोणत्या देशात, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती पॉवरने बोलायची मुभा आहे. भारताच्या ओळीत तेव्हा ६ गिगाहर्ट्झ नव्हताच. अमेरिकेच्या ओळीत मात्र ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ, चांगले १२०० मेगाहर्ट्झ. (कोड बदलून ‘यूएस’ केला तर चालेल का? चालेल. पण करू नका. परवानामुक्त नसलेल्या बँडमध्ये प्रयोग करायचा असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून प्रायोगिक परवाना घ्यावा लागतो, अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करता येतो. उद्या पेपरमध्ये ‘मेथड’ लिहिताना हा प्रश्न येणारच, तेव्हा आधीच कागद तयार ठेवा.)

आपण फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाले शॅननच्या सूत्रात बँडविड्थ टाकतो आणि पुढे जातो. ती बँडविड्थ आली कुठून, हे विचारत नाही. मला तो प्रश्न त्या दोन दिवसांनी विचारायला लावला, आणि उत्तर शोधताना मी एका वकिलाच्या कारकिर्दीपाशी येऊन थांबले. तिची गोष्ट आज सांगते, कारण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर तुमचं सिम्युलेशन एक दिवस अशाच कुणा वकिलाच्या टेबलावर जाणार आहे.

जेसिका रोझेनवॉर्सेल. जन्म १९७१, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला. पदवी वेस्लियन विद्यापीठातून, कायद्याची पदवी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून १९९७ मध्ये. (भाऊ गस्टर नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रमर. म्हणजे एकाच घरात दोन्ही प्रकारचे बँड.) वॉशिंग्टनमधल्या एका लॉ फर्ममध्ये थोडी वर्षं काढून १९९९ मध्ये त्या एफसीसीत आल्या. एफसीसी म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, अमेरिकेतलं दूरसंचाराचं नियामक आयोग. २००३ पासून आयुक्त मायकेल कॉप्स यांच्या कायदा सल्लागार, मग २००७ मध्ये सिनेटच्या वाणिज्य समितीत कर्मचारी वर्गात, २०१२ मध्ये स्वतः आयुक्त. २०२१ च्या जानेवारीत हंगामी अध्यक्ष आणि त्याच डिसेंबरमध्ये सिनेटच्या मंजुरीने पूर्णवेळ अध्यक्ष, ते पद कायमस्वरूपी मिळालेली पहिली महिला. जानेवारी २०२५ मध्ये सत्ताबदलासोबत पायउतार.

यादी म्हणून वाचली तर ही नोकरशहाची सेवापुस्तिका वाटते. पण क्रम नीट बघा. आधी आयोगात आतून नियम कसे बनतात ते, मग संसदेत कायदा कसा बनतो ते, मग परत आयोगात मत द्यायला. टेलिकॉम वकील म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट येतो, पण या कारकिर्दीत कोर्टापेक्षा मसुदाच जास्त आहे.

एफसीसीचं काम असं चालतं. आयोगात पाच आयुक्त, त्यात एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत. एखादा बँड खुला करायचा तर आधी प्रस्ताव छापायचा, त्यावर कुणीही लेखी म्हणणं द्यायचं, मग एकमेकांच्या म्हणण्याला उत्तरं द्यायची. कंपन्या, विद्यापीठं, विमानतळ, वीज मंडळं, हौशी रेडिओवाले, सगळे लिहितात. आयुक्ताचा कायदा सल्लागार ते सगळं वाचतो, दोन्ही बाजूंना भेटतो, आदेशाच्या मसुद्यात शब्द बदलून घेतो. आपल्याकडे थीसिसवर गाईडची सही असते पण प्रकरणं कुणी लिहिली ते लॅबला माहीत असतं, तसलं काहीसं. आदेश निघाला की हरलेली बाजू कोर्टात जाते, आणि कोर्ट विचारतं: आयोगाने पुराव्याकडे नीट पाहिलं का, की मनमानी केली? म्हणजे आदेशातलं प्रत्येक वाक्य उद्या कोर्टात टिकेल अशा बेताने लिहावं लागतं.

आता एक शब्द समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. बारावीत आपण ‘व्यतिकरण’ शिकलो: दोन लहरी भेटल्या की बेरीज होते, कुठे उजेड, कुठे अंधार. इंग्रजीत तेच इंटरफिअरन्स. पण कायद्यात गुन्हा ठरतो तो ‘हार्मफुल इंटरफिअरन्स’, अपायकारक अडथळा. आणि त्याची व्याख्या वाचली तर त्यात एकही डेसिबल नाही. दिशादर्शन किंवा सुरक्षेची सेवा धोक्यात आली, किंवा एखादी रेडिओ सेवा गंभीरपणे खालावली, अडली, वारंवार तुटली, तर तो अपायकारक. ‘गंभीरपणे’ म्हणजे किती? ‘वारंवार’ म्हणजे दिवसातून कितीदा? इथे भौतिकशास्त्र थांबतं आणि वकिली सुरू होते. भांडण बहुतेक वेळा याच दोन शब्दांवरचं असतं.

थोडं मागे जाऊ. ९ मे १९८५ ला एफसीसीने एक नियम केला: ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० या पट्ट्यांत स्प्रेड स्पेक्ट्रम तंत्राची यंत्रं १ वॉटपर्यंत विनापरवाना चालतील. त्यामागे मायकेल मार्कस नावाचे आयोगातलेच एक अभियंते होते. या जागा मायक्रोवेव्ह ओव्हन आणि औद्योगिक तापकांच्या गोंगाटाच्या, त्यामुळे तेव्हा फारसं कुणाला नको असलेल्या. वायफाय त्या उकिरड्यावर उगवलं. रोझेनवॉर्सेल यांनी आयुक्त झाल्यावर भाषणांमधून ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली, आणि त्यात त्यांचा रोख इतिहासापेक्षा हिशेबावर असायचा.

हिशेब असा. अमेरिकेत एखादं विधेयक आलं की संसदेचं अर्थसंकल्प कार्यालय त्याचा तिजोरीवरचा परिणाम मोजतं. स्पेक्ट्रम लिलावाला काढला तर इतके अब्ज डॉलर जमा, असा आकडा येतो. तोच स्पेक्ट्रम सगळ्यांना फुकट खुला केला तर जमा शून्य. शाळा, दवाखाने, कॉफीची दुकानं, मोबाइल कंपन्यांचं वायफायवर वळवलेलं ओझं, यातलं काहीच त्या रकान्यात बसत नाही. मग खासदार कुठला पर्याय निवडणार? रोझेनवॉर्सेल यांचं म्हणणं होतं की ही मोजपट्टीच विनापरवाना स्पेक्ट्रमवर अन्याय करते.

हे बोलायचा त्यांना अधिकार होता, कारण सिनेटच्या समितीत असताना त्यांनी याच जमाखर्चाच्या आत बसून काम केलं होतं. फेब्रुवारी २०१२ च्या एका मोठ्या करविषयक कायद्यात स्पेक्ट्रमची कलमं घुसवलेली आहेत (तिथे हे चालतं, कराच्या कायद्यात रेडिओ). टीव्ही केंद्रांनी आपले पट्टे स्वेच्छेने विकायचे, सरकारने ते मोबाइल कंपन्यांना लिलावात द्यायचे, त्यातल्या पैशातून पोलीस-अग्निशमन दलांसाठी देशभराचं वेगळं नेटवर्क उभारायचं. तो लिलाव २०१७ मध्ये संपला तेव्हा सुमारे १९.८ अब्ज डॉलर आले आणि ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. त्यातले ७० परवान्याचे, आणि १४ विनापरवाना वापरासाठी व वायरलेस मायक्रोफोनसाठी. हे प्रमाण लक्षात ठेवा म्हणजे ‘मोजपट्टी’ म्हणजे काय ते कळेल.

५ गिगाहर्ट्झचं थोडक्यात सांगते. ५.१५ ते ५.२५ या पट्ट्यात वायफाय आधी फक्त घरात आणि ५० मिलिवॉटपर्यंत चालायचं, कारण तिथे ग्लोबलस्टार कंपनीचा उपग्रहाकडे जाणारा दुवा होता. मार्च २०१४ मध्ये आयोगाने बाहेर वापरायची मुभा दिली आणि मर्यादा १ वॉटवर नेली. रोझेनवॉर्सेल तेव्हा आयुक्त होत्या आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं.

खरी मजा ६ गिगाहर्ट्झची.

हा पट्टा रिकामा नव्हता. वीज कंपन्या, रेल्वे, पोलीस यांचे मायक्रोवेव्हचे दुवे मनोऱ्यावरून मनोऱ्यावर इथूनच जातात. वादळात लाइन तुटली की ग्रिड सांभाळणारा संदेश याच दुव्यांवरून जातो. शिवाय उपग्रहाचे अपलिंक, टीव्ही वाहिन्यांच्या फिरत्या कॅमेऱ्यांचे दुवे. प्रस्ताव ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाला. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा अजित पै, तेही वकीलच. २३ एप्रिल २०२० ला, म्हणजे जग टाळेबंदीत असताना, आदेश एकमताने मंजूर झाला. रोझेनवॉर्सेल विरोधी पक्षाच्या आयुक्त होत्या, तरी बाजूने होत्या. पाचातलं एक मत, एवढंच श्रेय त्या दिवसापुरतं त्यांच्याकडे जातं, जास्त देऊ नका.

आदेशाचा गाभा साधा होता. घरातला राउटर दर मेगाहर्ट्झला ५ डीबीएमच्या वर जाणार नाही. हे तुम्ही स्वतः करून बघा: २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला ५ अधिक १३, म्हणजे १८ डीबीएम, साधारण ६३ मिलिवॉट. ३२० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला ५ अधिक २५, म्हणजे ३० डीबीएम, १ वॉट. पट्टा रुंद करा, पॉवर जास्त मिळेल, पण दर मेगाहर्ट्झची घनता तीच राहील. मायक्रोवेव्ह दुव्याच्या कानावर पडते ती घनता, म्हणून मर्यादा घनतेवर.

पण ‘घरातला’ राउटर घरातच राहील हे कोण बघणार? घरोघरी निरीक्षक पाठवायचे? इथे मला वकिली डोक्याचं कौतुक वाटलं. नियमात लिहिलंय की अशा राउटरला बॅटरी असणार नाही, त्याचं खोकं पाऊस सोसणारं असणार नाही, आणि अँटेना काढून दुसरा लावता येणार नाही. भिंतीतल्या प्लगला बांधलेलं, पावसाला घाबरणारं यंत्र आपोआप छपराखाली राहतं. एकही समीकरण न वापरता सिग्नलपुढे भिंत उभी केली.

आणि ती भिंत किती डेसिबलची, यावर सगळं प्रकरण उभं होतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची पी.२१०९ नावाची शिफारस आहे, इमारतीत शिरताना-निघताना सिग्नल किती घटतो त्याचं प्रारूप. त्यात दोन प्रकारच्या इमारती धरल्यात: पारंपरिक आणि उष्णतारोधक. ६ गिगाहर्ट्झला पहिल्या प्रकारात मध्यम घट १६ डीबीच्या आसपास, दुसऱ्यात ३१ च्या आसपास. १५ डीबीचा फरक म्हणजे पॉवरमध्ये तीसपट. तुम्ही शहरातल्या किती इमारती कुठल्या प्रकारात धरता, त्यावर अडथळा ‘गंभीर’ की ‘नगण्य’ ते बदलतं. शोधनिबंधात हे गृहीतक एका ओळीत येतं आणि परीक्षकही बहुधा त्यावरून डोळे फिरवून पुढे जातात. इथे त्या एका ओळीवर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली.

दुसरं गृहीतक होतं राउटर किती वेळ बोलतो याचं. केबललॅब्स या केबल उद्योगाच्या संशोधन संस्थेने सुमारे ५ लाख वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटचा प्रत्यक्ष डेटा वापरला आणि दाखवलं की सरासरी राउटर वेळेच्या फक्त ०.४ टक्के भाग प्रक्षेपण करतो. मग त्यावर मॉन्टे कार्लो: हजारो वेळा फासे टाका, राउटर कुठे आहे, कुठल्या मजल्यावर, त्या क्षणी बोलतोय का, दुव्याच्या रोखात येतो का. उत्तर: अपायकारक अडथळ्याची शक्यता फारच थोडी.

परवानाधारकांचं म्हणणंही ऐकायला हवं. सरासरीने काय होणार? उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी, नेमका दुव्याच्या रोखात एकच राउटर आला तर? वीज कंपनीचा दुवा सरासरीने बंद पडत नाही, एखाद्या वाईट जागेमुळे पडतो. सांख्यिकी शिकताना सर ‘टेल’कडे बघा म्हणायचे ते हेच. माझं मत विचाराल तर ही हरकत रास्त होती. पण ज्या नियमाने जगातला एकही वाईट योगायोग चालणार नाही, त्या नियमाखाली कुठलाच नवा रेडिओ कधीच चालू होणार नाही, हेही तितकंच खरं.

प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं. २८ डिसेंबर २०२१ ला निकाल लागला, तोवर रोझेनवॉर्सेल अध्यक्ष झाल्या होत्या आणि आदेशाचा बचाव त्यांच्या आयोगाचा होता. कोर्टाने केबललॅब्सच्या अभ्यासावर विसंबणं मान्य केलं आणि आदेश जवळजवळ पूर्ण टिकवला. प्रसारकांच्या एका मुद्द्याला आयोगाने नीट उत्तर दिलेलं नाही, तेवढं परत पाठवलं. लक्षात घ्या, न्यायाधीशांनी स्वतः मॉन्टे कार्लो चालवलं नाही. त्यांनी बघितलं की आक्षेप आले तेव्हा आयोगाने त्यांना कारणासह उत्तर दिलं का. जिथे उत्तर नव्हतं, नेमकं तिथेच आदेश अडला. रिव्ह्यूअरच्या तिसऱ्या मुद्द्याकडे ‘किरकोळ आहे’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांनी (मीसुद्धा त्यात आले) हे वाचावं.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये रोझेनवॉर्सेल यांच्याच अध्यक्षतेखाली पुढची पायरी आली: अतिशय कमी पॉवरची, १४ डीबीएमपर्यंतची, अंगावर घालायची किंवा हातात धरायची यंत्रं घराबाहेरही चालतील.

आता जिथे हे गणित फिस्कटलं ते सांगते, नाहीतर सगळं गोड गोड वाटेल. ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा ५जीसाठी लिलावात ८१ अब्ज डॉलरला गेला. त्याच्या वर, ४.२ ते ४.४ मध्ये, विमानांचे रेडिओ अल्टिमीटर चालतात. मधे २२० मेगाहर्ट्झची मोकळी जागा. ५जी आपल्या हद्दीतच होतं. पण काही जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर इतके ढिले की शेजाऱ्याचं बोलणं त्यांना ऐकू यायचं. विमान वाहतूक खातं आणि दूरसंचार आयोग यांच्यात वेळेत मेळ बसला नाही. १९ जानेवारी २०२२ ला एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, त्यात मुंबई-नेवार्कही होतं. मोबाइल कंपन्यांनी विमानतळांजवळचे मनोरे तूर्त थांबवले आणि मग विमानांत फिल्टर बसवत गेले. रोझेनवॉर्सेल अध्यक्ष असतानाच हे घडलं, जरी लिलावाचा आदेश आधीचा होता. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने धोरणात्मक निवेदन काढलं: अडथळ्याची जबाबदारी फक्त बोलणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्यानेही आपला रिसीव्हर बरा ठेवायचा. रेडिओ इंजिनिअरला हे आजोबांच्या काळापासून माहीत आहे. आयोगाच्या कागदावर तत्त्व म्हणून यायला मात्र इतका वेळ गेला.

या सगळ्यात रोझेनवॉर्सेल यांचं नाव सर्वांत जास्त कशाशी जोडलं जातं, तर ‘होमवर्क गॅप’ या शब्दाशी. शिक्षक गृहपाठ इंटरनेटवर देतात, आणि काही मुलांच्या घरी इंटरनेट नाही. २०१५ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने जनगणनेच्या आकड्यांवरून काढलं की शाळकरी मुलं असलेल्या सुमारे ५० लाख अमेरिकन कुटुंबांत ब्रॉडबँड नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावचा एक फोटो फिरला होता: दोन लहान मुली टॅको बेलच्या दाराबाहेर फुटपाथवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या, दुकानाचं वायफाय मिळावं म्हणून. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लॉकडाऊनमध्ये कोकणात रेंजसाठी डोंगरावर जाऊन लेक्चर ऐकणाऱ्या मुलांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, कदाचित तुम्हीच ते मूल असाल.

वकिलाने यावर काय करायचं? अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने शाळा-ग्रंथालयांना इंटरनेटसाठी अनुदान मिळतं, त्याला ई-रेट म्हणतात. २०१४ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा ३.९ अब्ज डॉलरवर नेली आणि शाळेच्या आतल्या वायफायवर भर दिला, रोझेनवॉर्सेल त्यासाठी आधीपासून बोलत होत्या. कोविडमध्ये संसदेने शाळांबाहेरच्या जोडणीसाठी ७.१७ अब्ज डॉलर वेगळे दिले, ते वाटायचं काम त्यांच्या आयोगाकडे आलं. तो पैसा संपणार होता. पुढे काय? कायद्यात शब्द आहे ‘वर्गखोल्या’. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने ठरवलं की स्कूल बसमधलं वायफायही शिक्षणासाठीच आहे, त्याला ई-रेट लागू. जुलै २०२४ मध्ये घरी न्यायच्या हॉटस्पॉटलाही लागू केलं, तीन विरुद्ध दोन मतांनी. विरोधी आयुक्त म्हणाले, बस ही वर्गखोली नव्हे, शब्द ताणू नका. तासभर बसमध्ये बसून शाळेत जाणारी मुलं तिथे आहेत, त्यामुळे मला मन एका बाजूला ओढतं. पण कायदा वाचला तर दुसरी बाजू अगदी पोकळ नाही. सत्ता बदलली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या बहुमताने दोन्ही निर्णय मागे घेतले. गरीब कुटुंबांना महिना ३० डॉलरची सवलत देणारी योजना २ कोटी ३० लाख घरांपर्यंत पोचली होती, ती तर त्याआधीच, २०२४ मध्ये, निधी संपल्याने थांबली.

६ गिगाहर्ट्झ मात्र टिकला. मला वाटतं यात एक फरक आहे. बस आणि हॉटस्पॉटचा निर्णय एका शब्दाच्या अर्थावर टेकलेला, अर्थ लावणारे बदलले की गेला. ६ गिगाहर्ट्झचा आदेश कोर्टात तपासून निघालेल्या मोजमापांवर टेकलेला, शिवाय तोवर त्या बँडची यंत्रं लोकांच्या घरात पोचलेली. घरातलं वायफाय परत मागणं कुठल्याही आयोगाला जड जातं.

आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट. एफसीसीच्या संकेतस्थळावर ६ गिगाहर्ट्झची पूर्ण फाइल ‘१८-२९५’ या क्रमांकाखाली फुकट वाचता येते. त्यात कंपन्यांच्या वकिलांची पत्रं आहेत आणि त्यांना जोडलेले तांत्रिक अभ्यासही. वायरलेसमध्ये पीएच.डी. करायचा विचार असेल तर पेपर वाचायच्या आधी त्यातल्या दोन विरुद्ध बाजूंचे अभ्यास समोरासमोर ठेवून वाचा. गणित जवळपास सारखं, निष्कर्ष उलटे. फरक कुठल्या गृहीतकात आहे ते शोधायला मला एक आख्खा आठवडा लागला, आणि सिनॉप्सिसमधला ‘रिसर्च गॅप’ मला त्याच आठवड्यात सापडला.

तो गॅप असा. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५.९२५ ते ६.४२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे खालचे ५०० मेगाहर्ट्झ, घरातल्या कमी पॉवरच्या आणि बाहेरच्या अतिशय कमी पॉवरच्या वापरासाठी परवानामुक्त करायचा मसुदा काढून हरकती मागवल्या. मसुद्यात तेलाच्या फलाटांवर, गाड्यांत, बोटींत, आणि १०,००० फुटांच्या वरचं उड्डाण सोडून विमानांत बंदी होती. ड्रोनशी संपर्कालाही बंदी. हे का, ते आता तुम्हाला स्वतःच सांगता येईल: जिथे भिंत नाही किंवा उंची फार, तिथे त्या भिंतीच्या डेसिबलवर भरवसा ठेवता येत नाही. पण मग आपल्या घरांचं काय? पी.२१०९ मध्ये इमारतींचे दोनच प्रकार आहेत. पत्र्याच्या छपराचं, वर्षातले आठ महिने खिडक्या उघड्या असणारं घर त्यात कुठे बसवायचं? जांभ्या दगडाची भिंत? सिमेंटच्या जाळीचा जिना?

मी सध्या तेवढंच मोजतेय. परवाना आलाय, राउटर तोच आहे, आणि पहिल्या फेरीत पत्र्याच्या खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवून आणि उघडून घेतलेले आकडे एकमेकांपासून इतके लांब आलेत की सर म्हणाले, आधी केबल तपास. केबल तपासली. ठीक आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजणार.